ग्रीक घराचा ओटा

ग्रीक घराच्या ओट्यावर अकरा माणसं नीट बसतात. बारावं आलं तर ते बसत नाही, टेकतं. ही मोजणी माझी आहे आणि सलग सहा आठवड्यांची आहे, रविवार सोडून. कारण रविवारी इथली मुलं आपापल्या आईवडिलांना गाडीत घालून कॉस्टकोच्या दुकानात नेतात आणि त्याला फिरणं म्हणतात.

मी कांचन, अमरावतीची. चौतीस वर्षं लेखापरीक्षण केलं, म्हणजे दुसऱ्यांच्या कागदावर बोट ठेवून विचारलं, हे कुठून आलं. निवृत्तीनंतर कागद गेले, बोट राहिलं. लेक चैत्राली आणि जावई ऋषी यांच्याकडे सहा महिन्यांसाठी अमेरिकेत आले. त्यांच्या गावाचं नाव लिहीत नाही. नाव लिहिलं की त्या कार्यालयाकडून खुलासा मागवावा लागतो, आणि मला आता कोणाचा खुलासा नको आहे. फ्रीमाँटपासून वीस मिनिटांवर एक टेकडी आहे, एवढं पुरे. पायथ्याला आमची टाउनहाउसं, सगळी एका साच्यातली. माथ्यावर जुन्या श्रीमंतांची घरं. आणि मध्ये, चढताना जिथे दम लागतो नेमकं तिथे, ग्रीक घर.

ते घर पाहताना पहिल्यांदा वाटतं, दोन वेगळ्या माणसांनी एकमेकांना न विचारता बांधलं असावं. खाडीच्या बाजूला सगळी काच, बोटाएवढे बारीक लोखंडी खांब, आत एक भिंत नाही, गुळगुळीत काँक्रीटची जमीन. रस्त्याच्या बाजूला मात्र हातभर जाडीची पांढरी भिंत, कोपरे साबणाच्या वडीसारखे झिजून गोल, खोल खिडक्या मुठीएवढ्या, बाहेरून गच्चीवर जाणारा जिना, आत भिंतीतच कोनाडे. आणि त्या भिंतीच्या पोटातूनच पुढे आलेला, रस्त्याकडे तोंड केलेला एकोणीस फुटांचा ओटा. दर वसंतात त्याला चुना लागतो. दुपारभर भिंत ऊन खाते आणि संध्याकाळी पाठीला परत देते. गुडघ्यांसाठी याहून चांगली सोय या देशात मी पाहिली नाही.

साडेचारला माणसं जमतात. मालिनीताई, डोंबिवलीच्या निवृत्त मुख्याध्यापिका, डावीकडून दुसऱ्या. तिसऱ्या जागेवर ऊन थेट डोळ्यांत येतं, म्हणून ती जागा त्या नवीन आलेल्याला देतात आणि वर आग्रह करतात. उजव्या टोकाला लुधियानाचे सरदारजी. त्यांच्या शेजारी एक तेलुगू जोडपं. ते आमच्याशी हिंदीत बोलतात, आपसात तेलुगूत भांडतात आणि भांडण रंगलं की आम्हाला इंग्रजीत निवाडा विचारतात. एक चिनी आजी नातवाची ढकलगाडी घेऊन येतात. त्यांना आमची एकही भाषा येत नाही, पण कोणाच्या सुनेने नोकरी बदलली हे त्यांना आमच्या आधी कळतं; कसं ते मला अजून सापडलेलं नाही. पाचला हेक्टर येतो, वरच्या घरांच्या बागा बघणारा. तो डबा उघडतो तेव्हा मालिनीताई मान न वळवता सांगतात, "आज जिरं जास्त झालंय."

घर शोभना खांबेट्यांचं. वय चौऱ्याहत्तर, मूळच्या सांगलीच्या. पाच वर्षांपूर्वी प्रल्हादराव गेले, मुलगा सिद्धेश तिकडे देशाच्या दुसऱ्या टोकाला, अ‍ॅशबर्नला डेटा सेंटरमध्ये, त्या एकट्या. रोज पाचच्या सुमाराला त्या पाण्याचा जग आणि पेले आणून ठेवतात. चहा कधीच नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "चहा दिला की माणूस पाहुणा होतो, मग त्याला दुसऱ्या दिवशी यायला लाज वाटते. पाणी कोणालाही चालतं."

हा हिशेब मला फार आवडला. माणसांचा इतका नेमका हिशेब मांडणारी बाई मी आमच्या खात्यातही पाहिली नव्हती.

आता भानगड. खालच्या टाउनहाउसांची एक असोसिएशन आहे आणि तिचा सेक्रेटरी आमचे जावई. ऋषी माणूस वाईट नाही. भांडी लावतो, मला औषधांची आठवण करतो, मुलीला पोहायला नेतो. फक्त त्याला कोणतीही गोष्ट आहे तशी ठेवता येत नाही. ती इंप्रूव्ह करावी लागते. तर एका मंगळवारी कोणाच्या तरी दारावरच्या कॅमेऱ्यात दिसलं की पार्सल वाटणारा एक मुलगा भर दुपारी त्या ओट्यावर झोपला होता. अठरा मिनिटं. आमच्या कार्यालयात एवढ्याला झोप म्हणत नसत, पण इथे त्या अठरा मिनिटांवर ग्रुपमध्ये एकशे चाळीस मेसेज पडले. अनोळखी लोक, सेफ्टी, मुलं, घरांची पत. घर शहराच्या वारसा यादीत, म्हणून वारसा समितीकडे पत्र गेलं, ओटा काढा. खाली एकतीस सह्या. ऋषीने ते पत्र मला मोठ्या अभिमानाने दाखवलं आणि मी सवयीने मागून वाचायला सुरुवात केली. एकतीसपैकी नऊ घरांतले आईबाप रोज त्याच ओट्यावर बसत होते. मालिनीताईंचा सत्यजित चौथा. आमची चैत्राली सतरावी.

"तू वाचलं होतंस?" मी चैत्रालीला विचारलं.

"आई, ऋषीने लिंक पाठवली, मी साइन केलं. मी ऑफिसात होते."

हीच मुलगी मला विमानतळावरून घरी आणताना बजावत होती, "आई, इथे कशावरही सही करायची नाही, कोणाला काही लिहून द्यायचं नाही."

समितीने लॉरा नावाची एक अधिकारी बाई पाठवली. ती आली, घर बघून हरखली, आणि तिने असा तोडगा काढला की सगळे खूश झाले. ओटा तोडायचा तर प्रश्नच नाही, तिने लिहिलं. तो घराचा सर्वांत मोलाचा भाग आहे. मोलाचा आहे म्हणून जपला पाहिजे. बसून बसून त्याच्या कडा झिजल्यात, तेव्हा पुढे चार खांब, त्यांना साखळी, आणि मध्ये पितळेची पाटी. पुढच्या गुरुवारी समिती जागेवर येऊन पाहणी करेल आणि तिथेच मंजुरी देईल.

त्या दिवशी जेवताना ऋषी म्हणाला, "विन-विन आहे आई. बेंच पण राहतो, आणि कंप्लेंट पण क्लोज."

"आणि बसायचं कुठे?"

"कम्युनिटी सेंटरला सीनियर लाउंज आहे ना. एसी आहे, कॉफी मशीन आहे."

"ते चार मैलांवर आहे. नेणार कोण?"

"वीकेंडला आम्ही ड्रॉप करू."

"म्हणजे आठवड्याचे पाच दिवस आम्ही खिडकीतून रस्ता बघायचा, आणि शनिवारी एसीत बसून तेच एकमेकांना सांगायचं."

"आई, तुम्ही ना," ऋषी हसला आणि पोळी वाढून घेतली. मी जावयाच्या घरी राहणारी सासू. आमचं बोलणं तिथे थांबतं. सहा आठवड्यांत ते तिथेच थांबत आलं होतं.

एकच अडचण होती. घराला खिळा ठोकायचा तरी अर्ज मालकाने करायचा. म्हणून रविवारी ऋषी आणि लॉरा शोभनाताईंकडे गेले. मीही गेले, म्हणजे मला कोणी बोलावलं नव्हतं, पण ऋषीला शोभनाताईंसमोर जायची भीती वाटत होती आणि तो म्हणाला, "आई, चला, तुमच्याशी त्यांचं जमतं."

कोनाड्यात गणपती, दुसऱ्या कोनाड्यात प्रल्हादरावांचा फोटो, तिसऱ्यात रेडिओ. लॉरा त्या कोनाड्यांवरून हात फिरवत होती. इंग्रजीत म्हणाली, "वास्तुकार स्टेलिओस व्रेटोस यांच्या मूळ नकाशात ही भिंत सपाट आहे. ओटा नाहीच. मग हा कोणाच्या कल्पनेतून आला, हे आम्हाला आजवर कळलेलं नाही."

"मला विचारायचं होतंस," शोभनाताई म्हणाल्या. "त्याच्या वडिलांच्या."

आणि त्यांनी सांगितलं. हे त्यांना इरिनीबाईंनी सांगितलेलं, स्टेलिओसच्या बायकोने, घर विकताना. १९५७ साली मुलाने इथे शिकून काचेचं घर काढलं आणि भिंती बांधायला बेटावरून बापाला आणलं. बाप गवंडी, मिखालिस नाव. सहा महिन्यांसाठी आलेला. इंग्रजी नाही, ओळख नाही, मुलगा दिवसभर ऑफिसात. त्याने भिंती बांधल्या त्या आपल्या गावासारख्या, आणि मुलगा चार दिवस बाहेरगावी गेला तेव्हा रस्त्याच्या बाजूला हा ओटा घातला. तिकडे पेझूला म्हणतात, दर घराला असतो. मुलगा परत आला तेव्हा चिडला. म्हणाला, माझ्या डिझाइनची वाट लावली, इथे कोण बसणार. बाप म्हणाला, मी. तो रोज संध्याकाळी एकटा बसायला लागला. तिसऱ्या आठवड्यात टपाल वाटणारा शेजारी बसला.

"फारच सुंदर," लॉरा म्हणाली, आणि तिने खरंच ते लिहून घेतलं. "म्हणूनच तो जपायला हवा. कडा बघा किती झिजल्यात."

"झिजल्यात म्हणजे ओटा चालू आहे."

"पण अशाच झिजत राहिल्या तर—"

"तर दर वर्षी चुना लावते. गेली तीस वर्षं लावतेय, आधी आम्ही दोघं लावायचो." शोभनाताईंचा आवाज चढला नाही. "लॉरा, देवळात मूर्ती असते, तिला लांबून नमस्कार करतात. हा ओटा बूड टेकायला आहे." हे त्या आधी मराठीत म्हणाल्या, मग इंग्रजीत सांगितलं. इंग्रजीत ते जरा सभ्य झालं.

"काकू," ऋषी पुढे सरसावला, "प्लीज समजून घ्या. उद्या कोणी पडलं, लॉसूट झाला, तर तुमच्यावरच येणार. आम्ही तुमच्या भल्यासाठीच—"

"ऋषी, तुझी सासू तिथे बसते."

"हो ना. म्हणून तर काळजी आहे."

"तिला विचारलंस?"

ऋषीने माझ्याकडे पाहिलं. मी रेडिओकडे पाहिलं. हे माझ्या खात्यावर वाईट जमा झालं, हे मला तेव्हाच कळलं.

"अर्ज मी करायचा ना?" शोभनाताई उठल्या. "मी करत नाही. पाणी घेणार का कोणी?"

मला वाटलं, प्रकरण दप्तरी दाखल. मालक अर्ज करत नाही, विषय संपला. पण बुधवारी सकाळी शोभनाताईंनी मला बोलावून घेतलं. समितीकडून त्यांना ईमेल आली होती: अर्ज दाखल झाला आहे, उद्या साडेचारला पाहणी. प्रल्हादराव गेल्यावर घर आईच्या आणि मुलाच्या, दोघांच्या नावावर झालं होतं. नियमात एका मालकाची सही पुरत होती. सही सिद्धेशची होती.

शोभनाताईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्या रडल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. नुसत्या म्हणाल्या, "तो एवढासा असताना मी त्याला या ओट्यावर बसून पाढे शिकवलेत."

"आधी कागद बघू," मी म्हणाले.

अर्ज चौदा पानी होता. माझ्या आयुष्यातला अनुभव असा की पहिल्या दहा पानांत कोणी काही लपवत नाही, कारण तिथवर कोणी वाचतो अशी भीती असते. अकराव्या पानावर पाटीचा मजकूर होता. मी तो दोनदा वाचला आणि शोभनाताईंना म्हणाले, "फोन लावा. स्पीकरवर."

"आई, मीटिंगमध्ये आहे," सिद्धेश म्हणाला.

"मग बाहेर ये."

दार उघडल्याचा आवाज. "बोल."

"तू सही केलीस."

"हो, पाटीसाठी. ऋषीचा मेसेज होता, काकांच्या नावाची पाटी लावतोय बेंचवर, तुझी कन्सेंट हवी. मला इतकं बरं वाटलं, आई. सांगलीला बागेत आजोबांच्या नावाचा बाक आहे ना, 'यांच्या स्मरणार्थ' लिहिलेला, लहानपणी आपण तिथे भेळ खायचो. मला वाटलं, बाबांचाही तसाच होईल. तुला सरप्राइज द्यायचं म्हणून मीच ऋषीला म्हटलं, तिला सांगू नकोस."

कटाचा पत्ताच नव्हता. पोरगा अमेरिकेत वाढला तरी डोक्यात सांगलीची बाग होती. बाकावर बापाचं नाव म्हणजे लोक त्यावर बसणार, याशिवाय दुसरा अर्थ त्याला सुचलाच नाही. आणि आपल्याकडे कोणाला सुचेल? शाळेतला पंखा, देवळातली फरशी, एसटी स्टँडवरचा बाक. नाव घालतो ते वापरलं जावं म्हणूनच.

"अकरावं पान उघड," शोभनाताई म्हणाल्या.

कीबोर्डचा आवाज आला. मग तो इंग्रजी वाचून, शब्द शोधत, मराठीत म्हणाला, "प्रल्हाद खांबेटे यांच्या प्रेमळ स्मरणार्थ. ऐतिहासिक वास्तू. कृपया बसू नये."

"हं."

"म्हणजे बाबांचं नाव घालून लोकांना उठवायचं?"

"सही तुझी आहे."

"यार, मी वाचलंच नाही." मग पानं चाळत, "विथड्रॉ करता येतं का?"

"समितीचा निर्णय होईपर्यंत येतं, लेखी," मी मध्येच म्हणाले. "पान तेरा."

"कोण बोलतंय?"

"कांचन. ऋषीची सासू."

"ऋषीची?" तो गोंधळला. "बरं, पण आई, एक मिनिट. ऋषी जे रिस्कचं म्हणतो ना, ते अगदीच चूक नाही. इथे लोक कशावरूनही केस करतात. तू एकटी आहेस. कोणी पडलं आणि घरच गेलं तर? मी इतक्या लांबून काय करणार? पाटीचे शब्द बदलायला सांगतो, पण साखळी... मला जरा विचार करू दे."

"कर," शोभनाताई म्हणाल्या. "तुझ्या सहीला मी हात लावणार नाही. उद्या साडेचारला मी ओट्यावर आहे." आणि फोन ठेवला.

दुपारभर मी फोनवर होते. मालिनीताईंना सांगितलं, सरदारजींना सांगितलं. सगळ्यांच्या मुलांना ग्रुपवर आधीच कळलं होतं आणि सगळ्यांना घरून एकच ताकीद मिळाली होती: उद्या तिकडे जायचं नाही, ऑफिशियल मॅटर आहे, तुम्ही व्हिजिटर आहात. मालिनीताई म्हणाल्या, "सत्यजित म्हणतो, पुढच्या व्हिसाला प्रॉब्लेम येईल."

"ओट्यावर बसल्याचा?"

"तेच मी विचारलं. म्हणतो, आई, यू डोंट अंडरस्टँड. पस्तीस वर्षं सातवीला नागरिकशास्त्र शिकवलं मी."

गुरुवारी सव्वाचारलाच अकरा माणसं बसली होती. शोभनाताई तिसऱ्या जागेवर, ऊन डोळ्यांत घेऊन. त्यांच्या एका बाजूला मालिनीताई, दुसऱ्या बाजूला मी. हेक्टर त्या दिवशी काम अर्धं टाकून लवकर आला होता. त्याला कोणी बोलावलं नव्हतं, चिनी आजींनी कसं तरी कळवलं असावं. जगात पाणी होतं.

साडेचारला समितीचे तिघं आणि लॉरा चढ चढून आले. अध्यक्ष एक उंच, पांढऱ्या केसांचे गृहस्थ, दम लागलेला पण दाखवत नव्हते. मागून ऋषी, हातात टेप आणि खडू. खांबांच्या जागा आखायच्या होत्या, ओट्याच्या कडेपासून दीड फुटावर. त्या दीड फुटात आमचे बावीस पाय होते.

"एक्सक्यूज मी," ऋषी म्हणाला, "पाच मिनिटं सगळे जरा बाजूला होता का? फक्त मेजर करायचंय."

कोणी हललं नाही. तेलुगू आजोबांनी बायकोला काहीतरी विचारलं, तिने मान हलवली, दोघं आणखी नीट बसले. त्यांचं एकमत झालेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

मग फोन वाजायला लागले. कॅमेरे होतेच, मुलं ऑफिसातून बघत होती. सरदारजींचा वाजला, त्यांनी बंद केला. मालिनीताईंचा वाजला, त्यांनी तो मांडीखाली घातला आणि तो तिथे गुरगुरत राहिला. माझा वाजला. चैत्राली. मी उचलला.

"आई, तू तिथे काय करतेयस? ऋषी तिथे आहे, किती ऑकवर्ड होतंय त्याला."

"बसलेय," मी म्हणाले, आणि ठेवला.

ऋषी माझ्यासमोर येऊन वाकला. हळूच म्हणाला, "आई, प्लीज. तुम्ही तरी उठा. तुम्ही उठलात की बाकीचे उठतील."

"म्हणूनच उठत नाही, ऋषीराव."

जावयाला मी कधी राव म्हणत नाही. त्याला कळलं. तो सरळ झाला, खडू या हातातून त्या हातात घेतला.

अध्यक्षांनी घसा साफ केला आणि शोभनाताईंना विचारलं, "मिसेस खांबेटे, या अर्जाला आपली संमती नाही, हे खरं?"

"नाही. खरं आहे."

"पण दुसऱ्या मालकाची आहे."

"त्याला विचारा," शोभनाताई म्हणाल्या आणि फोन काढला. व्हिडिओ कॉल लावला. मला वाटलं होतं तो उचलणार नाही. पहिल्या रिंगलाच उचलला. म्हणजे हातात धरूनच बसला होता.

"आई. काय झालं?"

"अजून काही नाही. समिती आहे इथे."

"कोण कोण बसलंय?"

"बघ." आणि त्यांनी फोन शेजारी मालिनीताईंकडे दिला. "मी डोंबिवलीची," मालिनीताई म्हणाल्या, "तू काय वाळलायस रे." तिथून फोन उजव्या टोकापर्यंत गेला, हातोहात. तेलुगू आजींनी विचारलं, किती मुलं. सरदारजी म्हणाले, "बेटा, खाना खाया?" हेक्टरने डब्यासकट हात वर केला. चिनी आजींनी फोन नातवासमोर धरला आणि नातू पडद्याकडे बघून लाळ गाळत हसला. परत येताना फोन माझ्याकडे आला.

"पान तेरा," मी म्हणाले.

"उघडलंय मी," सिद्धेश म्हणाला. त्याचा चेहरा थकलेला होता. "मिस लॉरा ऐकतायत का?"

मी फोन लॉरासमोर धरला. तो इंग्रजीत म्हणाला, "मी वाचल्याशिवाय सही केली. ती मागे घेतो. ईमेल आत्ताच पाठवतोय. आणि माझ्या वडिलांचं नाव त्या वाक्यात कुठेही नको."

लॉराचा फोन टिंग वाजला. तिने बघितलं आणि अध्यक्षांना मान हलवून सांगितलं.

अध्यक्ष काही वाईट गृहस्थ नव्हते, पण समिती रिकाम्या हाताने परत जात नाही, हे मला कोणत्याही देशात माहीत आहे. ते म्हणाले, "मिसेस खांबेटे, मालकाने वास्तूच्या संरक्षणासाठी काहीच उपाय केले नाहीत, तर समितीला यादीतल्या नोंदीचा फेरविचार करावा लागेल. ही धमकी नाही. नियम आहे."

"करा," शोभनाताई म्हणाल्या. "यादीतून नाव काढलंत म्हणून भिंत पडणार नाही. मिखालिसला तुमची यादी माहीत नव्हती, आणि त्याचं काही अडलं नाही. मला ती पाटी नको, साखळी नको, आणि माझ्या दारात येऊन माझ्या माणसांना कोणी उठवलेलं मला चालणार नाही. तुम्ही लिहून घ्या. मी थांबते."

अध्यक्षांनी लॉराकडे पाहिलं. लॉरा फाइल उघडून उभी होती. ती म्हणाली, "फॉर्ममध्ये एक रकाना आहे: मालकाने योजलेले संरक्षक उपाय. तो रिकामा राहू शकत नाही. एवढंच आहे."

"मग भर," शोभनाताई म्हणाल्या. "लिही: दर वसंतात चुना. रोज वापर."

"'रोज वापर' हा संरक्षक उपाय?" अध्यक्षांनी विचारलं.

"अडुसष्ट वर्षं तोच आहे," लॉरा म्हणाली, आणि लिहिलं. मला ती बाई त्या क्षणी आवडली. तिच्या नावावर मी आधी मांडलेलं बरंच काही खोडलं.

सहीसाठी फाइल शोभनाताईंच्या गुडघ्यावर ठेवली. त्यांनी ती आधी मला दिली. मी वाचली, पहिल्या शब्दापासून, सावकाश. समिती उभी, ऋषी उभा, आम्ही बसलेल्या. मग शोभनाताईंनी स्वतः वाचली. मग सही केली. कोणी टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत. सरदारजींनी पेल्यात पाणी ओतून अध्यक्षांना दिलं, आणि चढ खरंच मोठा होता. त्यांनी एका घोटात संपवलं.

रात्रीचं जेवण नेहमीपेक्षा शांत झालं. नात झोपायला गेल्यावर ऋषी ताटाकडे बघत म्हणाला, "आई, मी असोसिएशनचा सेक्रेटरी आहे. मला पुढच्या मीटिंगला हे पुन्हा मांडावं लागेल."

"मांडा ना," मी म्हणाले. "मात्र अर्ज पाठवायच्या आधी मला दाखवा. पान सात दोनदा आलं होतं."

चैत्राली पाणी पिता पिता ठसकली. ऋषीने तिच्याकडे रागाने पाहिलं, मग माझ्याकडे.

"आणि उद्यापासून," मी म्हणाले, "साडेचार ते सव्वासहा मी घरी नसते. कोणाला काही हवं असेल तर ओट्यावर यायचं. वांग्याची भाजी घ्या अजून, उरलीय."

त्याने घेतली.